काउबॉयचा ताळेबंद

आमच्या हिचं एक ठाम मत आहे, की मला सिनेमा बघता येत नाही. "तुम्ही सिनेमा बघत नाही, ऑडिट करता," असं म्हणून ती उशी उचलते आणि आतल्या खोलीत निघून जाते. मी एकटाच उरतो. समोर पडद्यावर एक उंच माणूस घोड्यावरून उतरत असतो. त्याच्या बुटांच्या टाचा वाजतात, वारा सुटतो, गावातली माणसं दारं-खिडक्या लावून घेतात. अशा वेळी रसिक माणसाच्या अंगावर काटा येतो म्हणतात. माझ्या मनात फक्त एवढंच येतं, की या घोड्याला पाणी कोण दाखवणार?

दोष माझा नाही, शिक्षणाचा आहे. मी बी.कॉम. बी.ए.वाल्याला पडद्यावर एकाकीपणा दिसतो, बी.एस्सी.वाल्याला दुर्बिणीची काच दिसते. मला नावे आणि जमा दिसते. वीस-एक वर्षं बँकेच्या काउंटरवर काढल्यावर माणसाची नजरच तशी होते. समोरचा कितीही रुबाबात आला, तरी आपण आधी त्याच्या स्लिपवर तारीख आहे का ते बघतो.

काउबॉयची आणि माझी पहिली भेट तुमसरकडच्या एका गावच्या मंडईत झाली. आमच्या भंडारा-गोंदियाकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, जिलेबी, पाळणे आणि रात्री दंडार किंवा नाटक. त्या वर्षी टुरिंग टॉकीजचा तंबूही आला होता आणि त्यात 'मेकेनाज गोल्ड' लागला होता. १९६९ सालचा हा सिनेमा भारतात इतका चालला, की आमच्या मंडईपर्यंत पोचायला त्याला पंधरा-सोळा वर्षं लागली, तरी तो ताजाच वाटला. पडदा तंबूच्या मधोमध असल्यामुळे दोन्ही बाजूंनी बसता येई. आम्हा पोरांना मागची बाजू मिळाली. मागून सगळंच उलटं दिसतं. त्यामुळे पुढे कित्येक वर्षं मी ग्रेगरी पेकला डावखुरा समजत होतो.

मग १९९५ साली केबलवर कार्टून नेटवर्क आलं. टॉम आणि जेरी एकमेकांना मारून दमले, की त्याच चॅनेलवर टीएनटी नावाने जुने हॉलिवूडचे सिनेमे सुरू होत. मी दहावी-अकरावीत होतो. इंग्रजी ओ की ठो कळत नसे. पण काउबॉय सिनेमाचा फायदा असा, की त्यात भाषा फारशी लागत नाही. नायक बोलायचं असलं की आधी थुंकतो, आणि बोलून झालं की गोळी मारतो. मधलं आपण समजून घ्यायचं. मी समजून घेतलं. फक्त काही शंका राहिल्या. त्या आज पंचेचाळिशीला टेकलो तरी फिटलेल्या नाहीत, म्हणून हा खटाटोप.

पहिली शंका सामानाची. नायक कुठून तरी लांबून आलेला असतो. चार दिवसांची वाट. घोड्यावर एक खोगीर, एक गुंडाळलेलं कांबळं आणि एक बंदूक. आमच्याकडे माणूस वरठीला जाऊन गाडीत बसायचा म्हटला, तर डबा, पाण्याची बाटली, गोळ्या-औषधं, नातेवाइकांसाठी नव्या तांदळाची थैली आणि "असू द्या, वाटेत लागेल" असं म्हणून कोंबलेली शाल, इतकं निघतं. हा माणूस वाळवंटात निघालाय आणि याच्याजवळ दुसरा सदरासुद्धा नाही. बरं, दाढी? क्लिंट ईस्टवूडच्या दाढीचं मला विशेष कौतुक वाटतं. १९६४, १९६५ आणि १९६६ अशा तीन वर्षांतल्या सर्जिओ लिओनेच्या तिन्ही सिनेमांत ती ठरावीकच वाढलेली आहे. चार दिवसांची दाढी चार दिवसांचीच राहते, पाचव्या दिवसाची होत नाही. माझी दाढी सोमवारी एक असते आणि बुधवारी शाखाधिकाऱ्यांना दिसते.

दुसरी शंका घोड्याची. घोडा म्हणजे फटफटी नव्हे, की बारच्या बाहेर लावली आणि आत गेलो. साधारण साडेचारशे किलोचं जनावर दिवसाला आठ-दहा किलो चारा खातं आणि उन्हातान्हात तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितं. सिनेमात नायक घोडा दांडीला बांधतो, आत जाऊन स्वतः व्हिस्की पितो, मारामारी करतो, एक प्रेमप्रकरण उरकतो आणि बाहेर येऊन पुन्हा घोड्यावर टांग टाकतो. मधल्या काळात घोडा उपाशी. आमच्याकडे शंकरपटाचा बैल असा ठेवला असता, तर बैलाच्या मालकाला घरच्यांनीच दावणीला बांधलं असतं. शिवाय तो घोडा पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत चौखूर उधळलेलाच. खरे काउबॉय असं करत नसत. एकाएका गड्याला मालकाकडून पाच-सात किंवा त्याहूनही जास्त घोडी मिळत आणि तो दिवसातून दोन-तीनदा घोडं बदलत असे. घोडी मालकाची, खोगीर फक्त त्याचं स्वतःचं. म्हणजे आपल्याकडे ट्रक मालकाचा आणि उशी ड्रायव्हरची असते, तसं.

तिसरी शंका सुट्ट्या पैशांची, आणि ही माझ्या जिव्हाळ्याची. नायक बारमध्ये येतो, एक पेला मागवतो आणि नाणं टणकन फेकून निघून जातो. किंमत विचारत नाही, उरलेले परत घेत नाही. या माणसाचं घर कसं चालतं? की म्हणूनच त्याला घर नाही? चाळीस वर्षांच्या आयुष्यात मी एकदाही दुकानात नोट ठेवून मागे न बघता निघालेलो नाही. एकदा हिच्यासमोर रुबाब करायला गेलो. चहावाल्यासमोर नोट ठेवली, म्हटलं "ठेव तुला." चार पावलं गेलो असेन, तोच मागून हिचा आवाज: "अहो, पन्नासची होती ती!" काउबॉयला बायको का नसते, हे मला त्या दिवशी कळलं.

चौथी शंका अशी, की ती फक्त भंडाऱ्याच्या माणसालाच येऊ शकते. आमचं गाव पितळी भांड्यांचं. भांडं दिसलं की आम्ही ते उलटं करून बुड बघतो. तर रात्री माळरानावर शेकोटी पेटते. शेकोटीवर कॉफीची किटली, शेजारी उसळीसारख्या घेवड्याच्या दाण्यांचं पातेलं. सगळे पत्र्याच्या ताटलीत खातात. तेवढ्यात अंधारात काडी मोडल्याचा आवाज होतो, नायक शेकोटीवर उरलेली कॉफी ओततो आणि सगळे घोड्यांवर बसून पसार. मग भांडी? ती कोणी घासली? दुसऱ्या रात्री तीच किटली पुन्हा शेकोटीवर हजर असते, आणि बुडाला काजळीसुद्धा नसते. मी ही शंका घरात बोलून दाखवली. ही म्हणाली, "तुम्ही जेवून उठता तेव्हा मागची भांडी कोण घासतं, ही शंका तुम्हाला कधी आली होती का?" ती शंका मी तिथेच मागे घेतली.

आता गोळ्या. काउबॉयचं ते प्रसिद्ध कोल्ट पिस्तूल १८७३ सालचं. त्यात सहा घरं. जाणती माणसं त्यातलं एक घर रिकामं ठेवत, कारण घोडा आपटला तर स्वतःच्याच पायात गोळी जायची. म्हणजे हिशेबाला उरल्या पाच. सिनेमात नायक एका दमात बारा-पंधरा बार काढतो. माझ्यासारखा माणूस सोफ्यावर बसून मोजत असतो: सात... आठ... नऊ... ही ओव्हरड्राफ्टची सोय त्याला कोणी मंजूर केली? या बाबतीत मी आपल्या 'शोले'ला पैकीच्या पैकी गुण देतो. गब्बरसिंग आधी विचारतो, पिस्तुलात गोळ्या किती. सहा. माणसं किती? तीन. सहा आणि तीनचा मेळ बसत नाही, म्हणून तो तीन गोळ्या हवेत उडवतो आणि मगच पुढचं काम हातात घेतो. माणूस क्रूर असेल, पण हिशेबाला पक्का. आधी शिल्लक पडताळायची, मग व्यवहार करायचा, हे आमच्या नव्या मुलांना मी दहा वर्षं शिकवतोय.

'शोले'चा विषय निघालाच आहे, तर त्याचंही बघून टाकू. इटालियन लोकांनी काउबॉय सिनेमे काढले, त्यांना 'स्पॅगेटी वेस्टर्न' नाव पडलं. आपल्याकडे काढले, ते 'करी वेस्टर्न' झाले. आमच्या विदर्भात काढले असते, तर 'तर्री वेस्टर्न' म्हटलं असतं आणि वरून पोहे दिले असते. १५ ऑगस्ट १९७५ ला आलेला 'शोले' यातला सर्वांत मोठा. तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं ठाण मांडून होता. त्यातल्या रामगढबद्दल एक शंका अख्ख्या देशाला आहे. गावात वीज नाही. ठाकुराच्या वाड्यावर रोज संध्याकाळी सूनबाई एकेक दिवा हाताने मालवते. पण गावात पाण्याची भली उंच टाकी आहे, तिच्यावर चढून वीरू जीव द्यायची धमकी देतो. विजेशिवाय पाणी वर चढलं कसं? लोक यावर हसतात. मी हसत नाही. डिझेलवर चालणारं इंजिन असू शकतं. आमच्या धानाच्या बांध्यांवर किती वर्षं तेच होतं. माझी शंका वेगळी आहे. ज्या गावात साऱ्यांना घरपोच पाणी मिळेल एवढी टाकी आहे, त्या गावात सगळ्या बाया विहिरीवर का दिसतात? याचं उत्तर आमच्या जिल्ह्यात राहिलेल्या कोणालाही देता येईल. टाकी बांधून झाली होती. नळ यायचे होते.

सोन्याचं मात्र मला अजूनही पचत नाही. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' हा १९६६ सालचा सिनेमा. तिघं जण कब्रस्तानात पुरलेल्या दोन लाख डॉलरच्या सोन्याच्या नाण्यांमागे लागलेले. शेवटी ईस्टवूड अर्धं सोनं मागे ठेवतो आणि अर्धं घेऊन घोड्यावरून डौलात निघून जातो. त्या रात्री मी झोपलो नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या काळी अमेरिकेतलं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं साडेतेहेतीस ग्रॅमच्या आसपास भरायचं. दोन लाख डॉलर म्हणजे अशी दहा हजार नाणी. वजन झालं जवळपास ३३४ किलो. अर्धं म्हणजे १६७ किलो. आमच्याकडे सरकारी खरेदीत धानाचा कट्टा चाळीस किलोचा. म्हणजे हा मनुष्य एका घोड्यावर धानाचे चार कट्टे, वर सात किलो सुटे, शिवाय स्वतः आणि खोगीर असं लादून टेकडी चढतोय, आणि चेहऱ्यावर सुरकुती नाही! जाणकार सांगतात, घोड्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं वाहू नये, म्हणजे नव्वदेक किलो. त्या सिनेमात चांगला, वाईट आणि कुरूप अशी तीन पात्रं आहेत असं म्हणतात. चौथं पात्र घोडा. त्याचं नावसुद्धा पाटीवर नाही.

या सगळ्या गर्दीत एक सिनेमा मात्र मला मनापासून आवडतो, तो म्हणजे 'हाय नून', १९५२ सालचा. गॅरी कूपर त्यात गावचा मार्शल आहे. नुकतंच लग्न झालंय, नोकरी सोडून तो निघालाय, आणि बातमी येते, की ज्याला आपण तुरुंगात धाडलं तो गुंड दुपारी बाराच्या गाडीने परत येतोय. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. पडद्यावरची वेळ आणि आपल्या हातावरची वेळ जवळजवळ बरोबरीने चालते. हा मार्शल गावभर फिरतो. न्यायाधीश, मित्र, देवळात जमलेली मंडळी, सगळ्यांना विचारतो, "कोण येतं माझ्याबरोबर?" सगळ्यांना तो चांगला वाटतो. सगळ्यांना काही ना काही काम असतं. शेवटी तो एकटाच कचेरीत बसून मृत्युपत्र लिहितो, पाकिटात घालतो.

पहिल्यांदा हा प्रसंग बघितला तेव्हा मी ओरडलो, "साक्षीदार! दोन साक्षीदारांच्या सह्या कुठायत? आपल्याकडे हे मृत्युपत्र चालणार नाही!" ही त्या दिवशी उशी घेऊन गेली नाही. ती म्हणाली, "अहो, साक्षीला दोन माणसं मिळाली असती, तर मृत्युपत्र कशाला लिहिलं असतं त्यानं?" मी गप्प बसलो. माझ्या शंकेने सिनेमा मोडला नाही, उलट उघडला, असं पहिल्यांदाच घडलं. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सिनेमात कागद, घड्याळ, गाडीची वेळ, लग्नाचे कपडे असलं बारीकसारीक असतं, तेव्हाच मला माणसाची भीती खरी वाटते. ते नसलं, की नुसता धूर दिसतो.

इथून माझ्या शंका जरा गंभीर झाल्या. बँक लुटण्याचे प्रसंग घ्या. तोंडाला रुमाल बांधलेले चार जण आत शिरतात. काउंटरमागे डोळ्यांवर हिरवी झापड लावलेला एक किडकिडीत कारकून असतो. तो थरथरतो, तिजोरी उघडतो, पिशवी भरून देतो, आणि सिनेमातून कायमचा जातो. कॅमेरा घोड्यांमागे धावतो. मी मात्र मनाने त्या कारकुनाजवळच थांबलेला असतो. एक तर तिजोरी एकट्याने उघडली कशी? आमच्याकडे दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. दरोडेखोर आले तर त्यांना आधी बसायला सांगावं लागेल, कारण दुसरी किल्ली चहाला गेलेली असण्याचा संभव आहे. आणि दुसरं, त्या संध्याकाळी त्याने कॅश टॅली कशी केली? नोटाबंदीच्या दिवसांत, म्हणजे २०१६ च्या नोव्हेंबरात, एका रात्री माझ्या कॅशमध्ये पाचशे रुपये कमी आले. रात्री साडेदहापर्यंत मोजले. शेवटी माझ्या खिशातून भरले. कोणी गोळी झाडली नाही, पार्श्वसंगीत वाजलं नाही. घरी गेलो, गार भात खाल्ला आणि झोपलो.

म्हणून मी शोधायला लागलो, की खऱ्या दरोड्यात कारकुनाचं काय होतं. आणि मला जोसेफ ली हेवूड सापडला. ७ सप्टेंबर १८७६. अमेरिकेत मिनेसोटामधलं नॉर्थफील्ड नावाचं लहानसं गाव. जेसी जेम्स आणि यंगर बंधूंची टोळी, एकंदर आठ जण, तिथल्या बँकेवर आली. बँकेचा कॅशियर फिलाडेल्फियाचं प्रदर्शन बघायला गेला होता. त्याच्या जागी त्या दिवशी बसला होता हिशेबनीस हेवूड. म्हणजे कॅशियर रजेवर आणि खुर्ची आपल्याकडे! बँकेत काम केलेल्या माणसाच्या पोटात गोळा येईल असं वाक्य आहे हे. दरोडेखोरांनी तिजोरी उघड म्हणून सांगितलं. हा म्हणाला, वेळेचं कुलूप आहे, आत्ता उघडता येत नाही. त्यांनी मारलं, सुरी दाखवली. तो नाहीच म्हणाला. तेवढ्यात बाहेर गावकऱ्यांनी मिळेल ती बंदूक उचलून लढाई सुरू केली. टोळीचे दोघे रस्त्यातच पडले, बाकीचे पळाले. पळता पळता त्यांनी हेवूडला गोळी घातली. तो जागेवर गेला. घरी बायको आणि लहान मुलगी. टोळीच्या हाती लागले अवघे सव्वीस डॉलर आणि काही सेंट. आणि सांगतात, की तिजोरीला कुलूप नव्हतंच. दार नुसतं लोटलेलं होतं.

हे वाचून मी जरा वेळ बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. जेसी जेम्सवर किती सिनेमे निघाले याची मोजदाद नाही. याच नॉर्थफील्डच्या दरोड्यावर १९७२ साली आणि १९८० साली मोठे सिनेमे आले. दोन्हींत कॅमेऱ्याचा जीव दरोडेखोरांवर. कारकुनाला दोन मिनिटं. नॉर्थफील्डचे लोक मात्र दर सप्टेंबरात जेसी जेम्सच्या पराभवाचा उत्सव करतात आणि हेवूडची आठवण काढतात. माझी या साऱ्या सिनेमांबद्दलची तक्रार एवढ्यात आली. यांत घोडा उधळतो पण चारा कोणी घालत नाही, जेवण होतं पण भांडी कोणी घासत नाही, बँक लुटली जाते पण तिथे कोणी नोकरी करत नाही. रोजचं काम करणारा माणूस वजा केला, की जी बाकी उरते, तिला हे लोक शौर्य म्हणतात.

आणि सगळ्यांत मोठी वजाबाकी तर नावातच आहे. ती मला दाखवली ती आमच्या मामाच्या गावच्या एका म्हाताऱ्या गायकीने. शहरी वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे गुराख्याला गायकी म्हणतात. सकाळी सारं गाव आपली जनावरं आखरावर आणून सोडी, हे म्हातारबा ती जंगलात नेत आणि दिवेलागणीला परत आणत. बदल्यात जनावरामागे वर्षाला ठरलेले पायलीभर-दोन पायल्या धान. ते धान मोजण्याची वही मामांकडे असे. तर १९९६ च्या उन्हाळ्यात दवाखान्याच्या कामासाठी ते आमच्याकडे भंडाऱ्याला दोन दिवस राहिले. मी टीव्हीवर काउबॉय लावला. ते खाली भिंतीला टेकून अर्धा तास एकाग्रतेने बघत राहिले. मग म्हणाले, "का गा बाबू, हा कोन होय?"

मी ऐटीत म्हणालो, "बाबाजी, हा काउबॉय. म्हणजे तिकडचा गायकी."

ते पुन्हा पाच मिनिटं बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "मंग याची ढोरं कुठी हायेत?"

वाचकहो, १९०३ साली 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' निघाला, तेव्हापासून आजपर्यंत या सिनेमांवर जगभर पुस्तकांचे ढीग लिहिले गेले असतील. त्या साऱ्यांत याहून मोठी टीका मला आढळलेली नाही. हॉवर्ड हॉक्सचा १९४८ सालचा 'रेड रिव्हर' आणि आणखी थोडे सोडले, तर काउबॉय सिनेमात गाई नसतात! गुराखी आहे, गुरं नाहीत. खरा काउबॉय होता टेक्ससपासून कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत गुरं हाकणारा गडी. दोन-अडीच हजार जनावरं, दहा-बारा माणसं, दोन-तीन महिन्यांची वाट, दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर. पगार महिन्याला तीस-चाळीस डॉलर. रात्री पाळीपाळीने पहारा, आणि जनावरं बुजू नयेत म्हणून त्यांच्याभोवती हळू आवाजात गाणं. यांतले कितीतरी काळे होते, कितीतरी मेक्सिकन. हा सारा धंदा चालला जेमतेम वीस वर्षं, १८६६ पासून १८८६ च्या आसपासपर्यंत. १८७४ मध्ये काटेरी तारेचं पेटंट झालं, कुरणांना कुंपणं पडली, रेल्वे दारात आली, आणि १८८६-८७ च्या हिवाळ्यात लाखो गुरं गारठून मेली. गायकीचं काम संपलं. मग त्याच्या हातातली काठी काढून पिस्तूल दिलं आणि त्याला जगाचा नायक केलं.

आमच्या गायकींना कोणी नायक केलं नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला आमच्या भागातले हजारो गोवारी बांधव आपल्या मागण्या घेऊन नागपूरला विधानभवनाकडे गेले. चेंगराचेंगरी झाली, ११४ जण परत आले नाहीत. त्यांत बाया होत्या, लेकरं होती. त्यांच्याजवळ पिस्तुलं नव्हती, शिदोरी होती. सीताबर्डीला त्यांचं स्मारक आहे. नागपूरला कामासाठी गेलो, की मी तिथे क्षणभर थांबतो. तिथे मला कुठलीही शंका येत नाही.

ते म्हातारबा आता नाहीत. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन असतं. गाई सजवून आखरावर आणतात, गोवारी ढाल घेऊन नाचतात. तो दिवस गायकीचा. मागच्या वर्षी गेलो, तर आखरावर गाई थोड्या आणि मोबाईल धरलेले हात जास्त. तरी ढाल उभी राहिली, आणि एका पोराने डोक्याला काउबॉयची टोपी घातली होती. खरी टोपी, मंडईतल्या दुकानात घेतलेली. त्याच्यासमोर तीन गाई होत्या. मी मोजल्या. साऱ्या हॉलिवूडपेक्षा तीनने जास्त.

परवा रात्री मी पुन्हा एक जुना काउबॉय लावून बसलो होतो. ही उशी न्यायला आली.

"झाला का तुमचा सिनेमा टॅली?"

"नाही ना. अडीच हजार गाई कमी येतायत."

"मग आज काही तुम्हाला शाखा बंद करता येत नाही," असं म्हणून तिने टीव्ही बंद केला. "उठा, भांडी पडलीयत."